रूथच्या माडीवरचे डबे

आमच्या मंडळात मला ‘फोटोवाल्या उज्ज्वलाताई’ म्हणत. गणपतीत कुणी कॅमेरा आणला की तो हमखास माझ्या हातात यायचा, आणि मी काढलेले फोटो हमखास हललेले यायचे. मग मला खुलासा करावा लागायचा की बाई, मी फोटो काढत नाही, मी फोटो सांभाळते. दुसऱ्यांचे, जुने, बहुतेक वेळा मेलेल्या माणसांचे. एवढं सांगितलं की समोरची बाई ‘हो का’ म्हणून खिरीच्या वाटीकडे वळायची.

पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका लहानशा कॉलेजच्या संग्रहालयात मी नोकरीची सगळी वर्षं काढली. कॉलेज क्वेकर लोकांनी काढलेलं. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ, पण त्यांच्यात पाद्री नाही, घंटा नाही, गाणं नाही. रविवारी एका साध्या खोलीत बाकांवर येऊन गप्प बसायचं. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर त्याने उठून सांगायचं आणि परत बसायचं. या जागेला ते चर्च म्हणत नाहीत, मीटिंग हाउस म्हणतात. युद्धाला जात नाहीत आणि कुणाला लहानमोठं मानत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात मिस्टर नाही, मिसेस नाही, सगळे नावाने. मला हेच सगळ्यात जड गेलं. आजीच्या वयाच्या बाईला नुसतं नाव घेऊन हाक मारताना कितीतरी वर्षं माझी जीभ अडखळायची.

त्या भागातल्या क्वेकर कुटुंबांचे फोटो आमच्याकडे यायचे. आजोबा गेले, घर विकायला काढलं, की कुणीतरी बुटांच्या खोक्यात भरून आणून द्यायचं. सफरचंदं शिजवायला अंगणात मांडलेली कढई, शाळेची सहल, धान्याच्या कोठारापुढे उभं असलेलं खटलं. आम्ही ते साफ करायचे, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात घालायचे आणि फोटोत कोण आहे ते शोधून काढायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण जुने क्वेकर फोटोच्या मागे नाव लिहीत नसत. सगळे सगळ्यांना ओळखत असताना लिहायचं कशाला? एकदा ओहायोहून एक बाई पणजीचा फोटो बघायला आल्या. मी त्यांच्यापुढे मीटिंग हाउसच्या दारातल्या बायकांचा मोठा ग्रुप फोटो ठेवला. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारखी करडी टोपी, सगळ्या एकसारख्या गंभीर. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “यांच्यातली कुठलीही चालेल मला.”

माझे यजमान वसंत औषधांच्या कंपनीत होते. ते म्हणायचे, “तुझ्या ऑफिसात सगळ्यात डेंजरस वस्तू कुठली, तर स्टेपलर.” मीही हसायची. पण आमच्या कामात एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे स्टेपलर काहीच नाही.

पूर्वी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आणि त्याच्याही आधी, फोटोच्या निगेटिव्हची फिल्म नायट्रेटची बनवत. बंदुकीच्या दारूच्या घराण्यातलंच हे द्रव्य. थंड, हवेशीर जागी असेल तर कित्येक दशकं गुपचूप पडून राहतं. गरम, कोंदट जागी मात्र कुजायला लागतं. आधी पिवळं पडतं, मग चिकट होतं, मग एकमेकांना चिकटून त्याची वीट होते आणि शेवटी तपकिरी भुकटी. कुजताना वायू सुटतो, तो वायू डब्यात कोंडला की कुजणं आणखी वाढतं, आणि आतल्या आत डबा तापायला लागतो. पुरेसा तापला की कुणी काडी न लावता पेटतो. हवा त्याला लागत नाही, जळायला लागणारा प्राणवायू त्याचा तोच तयार करतो, म्हणून पाण्यात बुडवला तरी विझत नाही. सुट्या निगेटिव्हचा धोका सिनेमाच्या रिळांइतका नसतो असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्याच्यापुढे ‘सहसा’ असा शब्द होता.

त्याचा वास मला मात्र ट्रेनिंगमध्ये शिकावा लागला नाही. नागपुरात इतवारीत आमच्या बिऱ्हाडाखाली सोनाराचं दुकान होतं. सोनं शुद्ध करायला तो तेजाब वापरायचा. भांड्यातून नारिंगी धूर निघायला लागला की आई धावत खिडक्या लावून घ्यायची, आणि तरीही तो वास नाकातून थेट कपाळात जायचा. पहिल्यांदा नायट्रेटचा कुजका डबा समोर आला तेव्हा मी इतवारीत होते.

रूथची गाठ पडली ती एका जुलैमध्ये. गावाबाहेर तिचं दगडी बांधणीचं शेतघर होतं. शेती दुसरेच कुणी करायचे, घरात ती एकटी. वयाची पंच्याऐंशी कधीच उलटलेली. लग्न केलेलं नव्हतं, आयुष्यभर शाळेत शिकवलेलं. तिचे वडील गावच्या मीटिंगचे, म्हणजे मीटिंग हाउसात जमणाऱ्या मंडळींचे, हौशी फोटोग्राफर होते. खालच्या खोलीतले त्यांचे काही छापलेले फोटो तिला आम्हाला द्यायचे होते, ते घ्यायला मी गेले होते. तिने मला लिंबाचं सरबत दिलं, फोटो दाखवले, कोण कोण ते सांगितलं. आवाज शिक्षिकेचा, खणखणीत. मी निघताना हात धुवायला कुठे जाऊ म्हणून विचारलं, तर तिने माडीवरची बाथरूम दाखवली.

जिना संपला तिथेच मला तो वास आला.

पहिल्यांदा मी स्वतःशीच म्हटलं, भास असेल. पण वास बंद खोलीच्या दाराच्या फटीतून येत होता. दार उघडलं. छपराखालची लहानशी खोली, खिडकी लावलेली, आत भट्टीसारखा उकाडा. धुराड्याच्या भिंतीला लागून बिस्किटांचे असतात तसे पत्र्याचे डबे एकावर एक रचलेले होते. झाकणांवर गंज. सगळ्यात वरच्याचं झाकण मी बोटाने जरासं उचललं आणि लगेच खाली ठेवलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत रूथचा पलंग होता. मधली भिंत लाकडी फळ्यांची.

मी खाली आले आणि तिला समोर बसवून जमेल तितक्या शांतपणे सगळं सांगितलं. ती म्हणाली की ते डबे वडिलांनी बंद केले होते, त्यानंतर कुणी उघडले नाहीत. का बंद केले, तेही तिने सांगितलं, हवामान सांगावं तशा स्वरात. तिची मोठी बहीण लिडिया पोलिओने गेली. लिडिया चौदा वर्षांची होती, रूथ सहा. वडिलांनी सगळ्या निगेटिव्ह डब्यात भरल्या, छापलेले लिडियाचे फोटो आईने कुठे नाहीसे केले ते कुणाला कळलं नाही, आणि त्यानंतर वडिलांनी कॅमेरा हातात घेतला नाही. घरात लिडियाचा एकही फोटो नव्हता.

मी म्हटलं, “रूथ, आज रात्री तुम्ही वर झोपू नका.”

“तुम्ही हे डबे घेऊन गेलात तर काय करणार?”

मी खरं ते सांगितलं. जे कुजलेत ते नष्ट करावे लागतील, ते काम फायर डिपार्टमेंट करतं. जे बरे आहेत ते वाचवू.

“न बघता नष्ट करणार?”

“काही डबे उघडणंसुद्धा धोक्याचं असतं.”

तिने मान हलवली आणि म्हणाली की तिला यावर शांत बसावं लागेल. क्वेकर लोकांची ही पद्धत मला माहीत होती. कुठलाही मोठा निर्णय ते घाईने घेत नाहीत, आतून स्पष्ट होईपर्यंत थांबतात. या पद्धतीचा मला एरवी आदर वाटायचा. त्या दिवशी तिला हाताला धरून बाहेर ओढावंसं वाटलं.

आमचे प्रमुख डेव्हिड स्वतः क्वेकर. मी ऑफिसात पोचताच त्यांना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे गावच्या फायर कंपनीच्या कॅप्टनला फोन लावला. ती फायर कंपनी म्हणजे गावातलेच स्वयंसेवक, आणि कॅप्टन डेल हा रूथच्या शेजारचा डेअरीवाला. डेल म्हणाला, मी आत्ता जातो आणि सगळं बाहेर काढून जाळून टाकतो. तो गेलाही. रूथने त्याला दारात थोपवलं. लहानपणी तिने त्याला शाळेत शिकवलं होतं. ती म्हणाली, “डेल, हे माझं घर आहे,” आणि डेल टोपी हातात घेऊन परत आला. तिने एवढं मान्य केलं की ती खाली कोचावर झोपेल आणि वरची खिडकी उघडी ठेवेल. डबे हलवायचे नाहीत. कायद्याने जबरदस्ती करता येईल का, ते डेव्हिडनी विचारून पाहिलं. येईल, पण वेळ लागेल, असं उत्तर आलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात उष्णतेची लाट आली. मी दर थोड्या वेळाने फोनवर तापमान बघायची. मुलगी दूर दक्षिणेत अल्फारेटाला राहते, तिचा फोन आला तर मी तिला तिच्या मुलांचं विचारायच्या आधी विचारलं, लाकडी घराला आग लागली तर माणसाला बाहेर पडायला किती वेळ मिळतो. ती घाबरून म्हणाली, “आई, आर यू ओके?” वसंतना आता स्टेपलर आठवत नव्हता. ते म्हणाले, “तुला वाटतंय तर रोज जाऊन ये.” मी रोज ऑफिस सुटल्यावर वाट वाकडी करून जायची. रस्त्याच्या वळणावरून छप्पर दिसलं की श्वास सुटायचा. रूथ अंगणात शेंगा सोलत बसलेली असायची. मी कशाला आले ते तिला कळायचं, पण ती तसं दाखवायची नाही. एकदा मी वर जाऊन आले तर वास वाढलेला होता. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “रविवारी मीटिंगला याल का?”

मी याआधी कधी त्यांच्या मीटिंगला बसले नव्हते. साधी पांढरी खोली, समोरासमोर बाक, उघड्या खिडक्या. पंधरा-वीस माणसं, बहुतेक म्हातारी. डेल मागे बसला होता. बोलणं थांबलं आणि शांतता सुरू झाली. लोक म्हणतात अशा शांततेत मन स्थिर होतं. माझ्या मनात फक्त तो ढीग होता. या क्षणी तो काय करत असेल? झाकण फुगलं असेल का? घरात कुणी नाही हे बरं, असं वाटत होतं, आणि त्याच वेळी वाटत होतं, आत्ताच पेटू दे, हिच्या डोक्यावर छप्पर नसताना पेटू दे. असा विचार मनात आला म्हणून आणखी भीती वाटली. बाहेर कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता. कुणी खोकलं तरी मी दचकत होते.

बऱ्याच वेळाने रूथ काठी टेकून उभी राहिली.

“माझ्या घरात एक खोली आहे,” ती म्हणाली. “मला सांगितलं गेलं की तिच्यात आग आहे. मला आगीची भीती नाही. माझ्या बहिणीचा चेहरा मला आता आठवत नाही. डबे उघडले आणि त्यात ती नसली, तर ती कुठेच नाही. आणि असली आणि मी तिला ओळखलं नाही, तर? मला मदत हवी आहे.”

ती बसली. कुणी उत्तर दिलं नाही. त्यांच्यात देत नाहीत. पण तिच्या शेजारच्या बाईने तिचा हात हातात घेतला, आणि मीटिंग संपेपर्यंत तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात काम सुरू करायचं ठरलं. रूथच्या घरामागे झऱ्यावर बांधलेली दगडी खोली होती. फ्रिज नव्हते तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांची दूधलोणी ठेवायची जागा. जमिनीतून थंड पाणी वाहतं, भर उन्हाळ्यातही आत गेलं की शहारा येतो. डबे तिथे न्यायचे, झाकणं सैल करून वायू जाऊ द्यायचा, आणि मग एकेक बघायचा. डेल बंब घेऊन घराकडे येणाऱ्या वाटेच्या तोंडाशी उभा राहणार होता. रूथला त्याने वचन दिलं होतं की बोलावल्याशिवाय कशाला हात लावणार नाही. रूथने अंगणातल्या झाडाखाली खुर्चीवर बसायचं, असंही ठरलं होतं.

मी माडीवरून एकेक डबा आणून जिन्याच्या पायथ्याशी डेव्हिडच्या हातात द्यायची आणि डेव्हिड तो झऱ्यावरच्या खोलीत नेऊन ठेवायचे. तोंडावर मास्क, हातात जाड हातमोजे, तरी डोळे चुरचुरत होते. दोन्ही हातांनी डबा पोटाशी न लावता, अंतरावर धरून पायऱ्या उतरायच्या. उतरताना मी मनात रामरक्षा म्हणत होते आणि दर वेळी एकाच ओळीवर अडकत होते. ढीग खाली खाली येत गेला. शेवटचा डबा भिंतीच्या कोपऱ्यात, धुराड्याला अगदी टेकून होता.

त्याला हात लावला आणि हातमोज्यातूनही मला तो ऊबदार लागला.

खोलीत अजून ऊन आलं नव्हतं. धुराडं थंड होतं. डब्याला गरम व्हायचं बाहेरून काहीच कारण नव्हतं. मी हात काढून घेतला. झाकणाच्या कडेने, पत्र्याच्या फटीतून, अगदी बारीक नारिंगी धूर येत होता. इतवारीतला.

मी मागे सरकत दारापर्यंत आले, वळले, आणि समोर रूथ उभी. केव्हा जिना चढून आली कळलंच नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला.

“शेवटचा हाच ना,” ती म्हणाली. “बाबांनी सगळ्यात आधी भरलेला. तो मला बघू द्या.”

मी म्हटलं, खाली चला. ती हलली नाही. माझ्या पाठीमागे पत्रा कट् असा वाजला. मला तिच्याशी वाद घालायला शब्द सुचेनात, इंग्रजी तर मुळीच सुचेना. मी मराठीत म्हणाले, “मावशी, चला.” तिला काय समजलं कोण जाणे. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावर हात टाकला. आम्ही उतरायला लागलो. तिचे गुडघे वाकत नव्हते. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मग पुढची. मला तिला उचलता येणार नव्हतं, सोडता येणार नव्हतं आणि घाई करता येणार नव्हती. मानेवर मागून आत्ता झळ येईल, आत्ता येईल, असं वाटत होतं. तिचा श्वास माझ्या कानाशी जोरात वाजत होता. जिना वळतो तिथे ती थांबली आणि म्हणाली, “तू पुढे जा.”

इथे एक सांगायला हवं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण जुन्या क्वेकर घरांत आपल्या माणसासाठी एक वेगळा शब्द आहे, दी. आपल्या ‘तू’सारखा. बाहेरच्यांशी तो कुणी वापरत नाही. रूथने तो मला तिथे, त्या जिन्यात वापरला.

मी गेले नाही. डेव्हिड खालून धावत वर आले, आम्ही दोघांनी तिला जवळजवळ खुर्चीसारखं धरून बाहेर नेलं. डेलला कुणी बोलावलं की तो आपणहून आला, मला आठवत नाही. तोंडावर श्वासाचं यंत्र लावून तो आत गेला. लांब दांड्याच्या फावड्यावर तो डबा घेऊन बाहेर आला तेव्हा धूर जाड झाला होता. त्याने तो कापणी झालेल्या शेताच्या मधोमध टाकला आणि मागे पळाला.

स्फोट वगैरे झाला नाही. फुस्स असा मोठा आवाज झाला, झाकण उडालं, आणि माणसाच्या उंचीची पिवळी ज्वाळा सरळ वर गेली. डेलबरोबर बंबावर आलेल्या पोरांनी पाणी मारायला नळी उचलली होती, ती त्यांनी खाली ठेवली. उपयोग नव्हता. ज्वाळा बघता बघता खाली बसली. शेतात काळा डाग राहिला. वरच्या खोलीत जमिनीच्या फळीवर करपल्याची गोल खूण होती. तो डबा तिथे थोडा वेळ राहिला असता तर लाकडी भिंतीचं काय झालं असतं, हे डेलने बोलून दाखवलं नाही.

रूथ झाडाखालच्या खुर्चीवर बसून त्या डागाकडे बघत होती. मी तिच्याजवळ गवतात बसले. हात मी पदर नसतानाही पदरात लपवल्यासारखे मांडीखाली दाबून धरले.

बाकीच्या डब्यांतले थोडेच वाचले. बरेचसे वीट झाले होते, ते डेलने नेले, पण रूथला दाखवून. जे सुटे झाले त्यांच्या आम्ही कॉम्प्युटरवर प्रती काढल्या आणि मूळ निगेटिव्ह फ्रीझरमध्ये ठेवल्या. शेत, गायी, मीटिंगची माणसं. आणि त्यात एका लहान मुलीची निगेटिव्ह होती, मीटिंग हाउसच्या पायरीवर बसलेली, सहा-सात वर्षांची, गुडघ्यांवर हात, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी. कडा कुजल्या होत्या पण चेहरा शाबूत होता.

मी तिची मोठी प्रत काढून रूथकडे नेली. तिने पाकीट घेतलं आणि मांडीवर तसंच ठेवलं. म्हणाली, “आधी तू बघून सांग.” मी सांगितलं, एक मुलगी आहे. मग तिने फोटो बाहेर काढला, चष्मा लावला, खूप वेळ बघितला, आणि हळूच टेबलावर ठेवला.

“ही मी आहे,” ती म्हणाली.

तिने मला कॉफी दिली. तिने रडायला हवं होतं, ती रडली नाही, आणि गाडी चालवताना मला ते सोसेना.

संग्रहात फोटोची नोंद करताना आम्ही माणसाइतकंच मागचंही बघतो. त्या मुलीच्या मागे मीटिंग हाउसच्या कडेला लांबलचक लाकडी शेड होती, पूर्वी घोडागाड्या उभ्या करायची. मी नोंदीत ‘रूथ’ लिहिलं. काही आठवड्यांनी त्याच गठ्ठ्यातली दुसरी निगेटिव्ह साफ करत होते. तिच्यात पुरुषमाणसं हीच शेड पाडत होती. अर्धी पडलेली, फळ्यांचा ढीग. बाजूला एक बाई बघत उभी, तिला मी आता ओळखत होते, ती रूथची आई. तिच्या कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं मूल होतं.

मी मीटिंगचं जुनं दप्तर काढून बघितलं, शेड पाडल्याचं साल रूथच्या जन्माचंच होतं. ते तान्हं मूल रूथ. तिच्या आईला तिच्यानंतर मूल झालेलं नव्हतं. म्हणजे रूथ चालायला लागायच्या आधी ती शेड पाडली गेली होती. शेडपुढे बसलेली सहा-सात वर्षांची मुलगी रूथ असूच शकत नव्हती. आणि रूथसारखा चेहरा असलेली, तिच्याआधीची मुलगी त्या घरात एकच होती.

मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. ज्या गोष्टीला ती सगळ्यात घाबरत होती तीच झाली होती, तिने बहिणीला बघितलं होतं आणि ओळखलं नव्हतं. हे तिला जाऊन सांगायचं? डेव्हिडना विचारलं. ते म्हणाले, “मला माहीत नाही. पण ते तिचं आहे, आपलं नाही.”

दोन्ही फोटो घेऊन मी गेले. तिच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. शेड उभी असलेला, शेड पडत असलेला. आईच्या कडेवरच्या दुपट्यावर बोट ठेवून म्हटलं, “रूथ, ह्या तुम्ही.”

ती शिक्षिका होती. पुढचं मला सांगावं लागलं नाही. तिची नजर एका फोटोवरून दुसऱ्यावर गेली, परत पहिल्यावर आली, आणि तिथेच राहिली. घरात घड्याळ वाजत होतं. मी तिच्या मीटिंगमध्ये बसले होते तशीच बसून राहिले, फक्त या वेळी मला खरोखरच प्रार्थना करावीशी वाटत होती, नाव न घेता, कुणाचीही.

मग तिने चष्मा काढला. सुरकुतलेला तळवा स्वतःच्या गालावर ठेवला, हनुवटीपर्यंत फिरवला, कपाळावरून फिरवला, आंधळं माणूस दुसऱ्याचा चेहरा चाचपून बघतं तसा.

“म्हणजे ती म्हातारी झाली असती,” ती म्हणाली, “तर अशी दिसली असती.”